रबीच्या रकान्यातले निळे फूल

व्हायोलेट नावाचे जे इवलेसे फूल युरोपातील कवींनी, प्रेमिकांनी आणि शोकाकुलांनी दोन-अडीच हजार वर्षे उराशी बाळगले, ते नंदुरबार जिल्ह्यातील म्हसावदच्या शिवारात कधी उगवलेले नाही, आणि शहाद्याहून म्हसावद-राणीपूर या वाटेने तोरणमाळाकडे निघालेल्या प्रवाशाने ते एखाद्या बांधावर दिसेल म्हणून मान वळवावी, अशीही सोय नाही. असे असूनही, हिवाळ्यात उमलणाऱ्या निळ्या-जांभळ्या फुलाला माणसाने कोणकोणते अर्थ चिकटवले याचा विचार करू लागलो की मला हेच गाव आठवते. कारण उत्तरेस सातपुड्याची भिंत आणि दक्षिणेस तापीकाठची काळी जमीन यांच्या मध्ये वसलेल्या या मुलखात हिवाळ्यातल्या खोकल्यावर दोन निळी फुले धावून येत असत. त्यांपैकी एक शेकडो कोसांवरून वाळून, कागदाच्या पुडीत बांधले जाऊन, बाजारच्या गावी अत्ताराच्या दुकानात मिळे. दुसरे घरच्याच रानात पौषात फुले आणि फाल्गुनात दाणा होऊन घरी येई. पहिल्याचे नाव बनफशा, दुसऱ्याचे अळशी किंवा जवस. पहिल्याच्या वाट्याला कीर्ती आली, दुसऱ्याच्या वाट्याला बाजारभाव आला. आणि हा भेद फुलांच्या रूपागुणामुळे पडला नसून त्या त्या देशाच्या हिवाळ्यामुळे पडला, असे माझे मत आहे.

आधी रंगाचीच गोष्ट घेऊ. इंग्रजाने या रंगाला फुलाचे नाव दिले, इराण्यानेही फुलाचेच दिले आणि त्याला तो बनफशी म्हणू लागला. मराठी माणसाने मात्र तो रंग फुलात न पाहता फळात पाहिला, आणि ज्येष्ठाच्या तोंडी जीभ रंगवणाऱ्या जांभळावरून त्याला जांभळा म्हटले. इंद्रधनुष्याचे रंग पाठ करताना ‘तानापिहिनिपाजा’ असे घोकलेल्या पिढ्यांच्या मनात शेवटचा ‘जा’ हा झाडाखाली सडा पडलेल्या फळांचाच आहे, आणि आमच्या शास्त्रीय परिभाषाकारांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचे नाव ठरवताना ‘जंबुपार’ हा शब्द घडवला, तेव्हा त्यांनीही नकळत जांभळाच्या झाडाचाच आश्रय केला. सांगायचे इतकेच की, या रंगाशी आमचा प्रथम परिचय झाला तो पावसाळ्याच्या उंबरठ्यावर, जिभेच्या वाटेने. हिवाळ्याशी त्याचा संबंध जोडण्याचे आमच्या भाषेला कारण पडले नाही.

युरोपात ते कारण मोठे होते. तेथील हिवाळा म्हणजे शेताला टाळे लागल्याचा काळ. झाडे उघडीबोडकी, जमीन गोठलेली, धान्याची कोठी दिवसेंदिवस खाली जाणारी. अशा वेळी फेब्रुवारीच्या अखेरीस, कुंपणाच्या बुडाशी, कुजलेल्या पानांच्या आड, बोटभर देठावर मान झुकवलेले एक फूल उमलते आणि ते डोळ्यांना दिसण्यापूर्वी नाकाला सापडते. हा वास मोठा फसवा असतो. एक-दोनदा हुंगला की नाकाची जाणीव क्षणभर बधिर होते, फूल हातात असून वास नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा परततो. जे फूल मृत भासणाऱ्या ऋतूत अवतरते आणि ज्याचा सुगंध येतो, जातो व पुन्हा येतो, त्याच्याभोवती मृत्यू आणि पुनरागमन यांच्या कथा जमल्या नसत्या, तरच नवल.

ग्रीकांच्या एका पुरातन स्तोत्रात धान्यदेवतेची कन्या पर्सेफोनी कुरणात फुले वेचीत असताना पाताळाचा स्वामी तिला पळवून नेतो आणि मग आईच्या शोकाने पृथ्वीवर पीक उगवेनासे होते. त्या कन्येने वेचलेल्या फुलांत गुलाब, केशर आणि नर्गिस यांच्या जोडीला व्हायोलेटही आहे. पिंडार कवीने अथेन्स नगरीला व्हायोलेटांचा मुकुट घातलेली म्हणून गौरवले. रोमन लोक मार्चमध्ये अटिस देवाच्या उत्सवात पाइन वृक्षाला ही फुले बांधीत, कारण मरणाऱ्या अटिसच्या रक्तातून ती उगवली अशी त्यांची समजूत होती. आणि पितरांच्या थडग्यांवर ही फुले वाहण्याचा एक दिवसही ते पाळीत. ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या हाती हेच फूल आले, तेव्हा त्यांना त्याच्या झुकलेल्या मानेत विनय दिसला आणि ते कुमारी मेरीचे फूल ठरले. प्रेमिकांचे, मृतांचे आणि विनम्रांचे असे तीन परस्परविरोधी अर्थ एकाच फुलावर लादले गेले, परंतु कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही.

फूल राजकारणातही उतरले. १८१४ मध्ये नेपोलियनला एल्बा बेटावर धाडण्यात आले, तेव्हा त्याचे चाहते त्याला गुप्तपणे ‘कॉर्पोरल व्हायोलेट’ म्हणू लागले. व्हायोलेटे फुलतील तेव्हा तोही परतेल, असा त्यातला संकेत होता, आणि २० मार्च १८१५ रोजी तो खरोखरच पॅरिसमध्ये दाखल झाला. त्या सुमारास आमचा खानदेश कोणत्या दशेत होता, हे आठवले म्हणजे मन विषण्ण होते. होळकरांच्या स्वाऱ्या, १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आणि त्यानंतर पेंढाऱ्यांची धाड यांनी गावेच्या गावे ओस पडली होती, जमाबंदीची दप्तरे कोरी होती आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी मुलूख ताब्यात घेतला तेव्हा पुष्कळशा शिवारांत वाघांचा वावर होता. पॅरिसमध्ये फूल छातीवर लावून लोक राजा परतण्याची वाट पाहत होते. येथे नांगराला बैल आणि बैलामागे माणूस परतण्याची वाट जमीन पाहत होती.

बनफशा आमच्याकडे आला तो फारसीच्या हाताला धरून. इराणी कवींनाही त्या झुकलेल्या मानेने वेड लावले होते, पण त्यांना तेथे विनय न दिसता निळी वस्त्रे पांघरून गुडघ्यात मान घालून बसलेला शोकमग्न साधू दिसला. आणि कधी त्यांना त्यात प्रेयसीच्या बटांचा वळसा दिसला. अकबराच्या दरबारी अबुल फजलने ‘आइने अकबरी’त फुलांची यादी दिली, तीत इराण-तुराणच्या फुलांत बनफशा मोजला आहे, त्याच ग्रंथात नंदुरबार हे माळव्याच्या सुभ्यातील एका सरकारचे ठिकाण म्हणून नोंदलेले आहे. फूल आणि गाव एकाच पुस्तकात आले, परंतु त्यांची भेट बागेत झाली नाही. ती झाली व्यापाराच्या वाटेवर. सुरतेच्या बंदरातून बुऱ्हाणपुराकडे जाणारा हमरस्ता नंदुरबारवरून जात असे. १६१५ मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो याच रस्त्याने गेला आणि पुढे त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निएही. ज्या रस्त्याने वकील आणि जवाहिरे गेले, त्याच रस्त्याने हकिमांची काष्ठौषधेही गेली असली पाहिजेत, कारण बुऱ्हाणपूर हे फारूकी सुलतानांपासून मोगल शाहजाद्यांपर्यंत सर्वांचे राहते शहर आणि जेथे शाहजादा तेथे हकीम हे ठरलेलेच.

हकिमांच्या शास्त्रात बनफशाला मोठा मान. इब्न सिना या अकराव्या शतकातील महापंडिताच्या ‘कानून’ ग्रंथात त्याचे गुण वर्णिलेले आहेत. त्याचा मिजाज सर्द-तर, म्हणजे थंड आणि ओलसर. थंडीत झालेल्या पडशाला थंड प्रकृतीचे औषध का द्यावे, असा प्रश्न आजीबाईलाही पडेल. त्यावर हकिमाचे उत्तर असे की, घशात आणि छातीत जो कोरडा दाह उठतो त्याला शमवावयाचे आहे, बाहेरच्या थंडीला नव्हे. म्हणून गुले-बनफशा, उन्नाब, सपिस्तान म्हणजे सुके भोकर, ज्येष्ठमध, खत्मी आणि खुब्बाजी एकत्र उकळून जो जोशांदा होतो, तो हिवाळ्यात नजला-जुकाम झाला की प्यायचा. बदामाच्या किंवा तिळाच्या थरावर ताज्या फुलांचा थर रचून, फुले वारंवार बदलून, मग त्या सुवासित बियांचे तेल काढले की रोगने-बनफशा होतो आणि तो निद्रानाशावर टाळूला चोळतात. हे तेल येथे होणे शक्य नव्हते, कारण त्याला ताजे फूल लागते. आमच्या भागातील अत्ताराच्या लाकडी खणात असे ते काश्मीर आणि हिमालयाकडून आलेले, रंग उडालेले, मातकट, चिमटीत धरताच चुरा होणारे वाळके फूल, आणि पुष्कळदा त्यात पाने-देठच अधिक. सामान्य जिभेने त्याचा बनप्सा केला. खोकल्याने हैराण झालेल्या गिऱ्हाइकाला त्या चुऱ्याकडे पाहून पर्सेफोनी आठवण्याचा संभव नव्हता, आणि अत्तारानेही ते फूल रोपावर उमललेले कधी पाहिले नव्हते. ज्या फुलाला जगात सर्वांत अधिक अर्थ मिळाले, ते येथे निव्वळ जिन्नस होऊन तागडीत पडले.

वनस्पतिशास्त्राच्या आधाराने पाहिले, तर या कुळातील एक गरीब नातलग आमच्या माळरानावरही आहे. रतनपुरुष नावाचे एक वीतभर उंचीचे रोप पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात उगवते. त्याच्या फुलाच्या चार पाकळ्या नावापुरत्या आणि पाचवी, खालची, मात्र जिभेसारखी लांबरुंद, गुलाबी-जांभळी. वैदू त्याला ओळखतात आणि औषधाला खणून नेतात. युरोपात जन्मले असते तर कदाचित त्यालाही एखादी दंतकथा लाभली असती. येथे त्याला मुळासकट उपटण्याचे भाग्य लाभले.

आता दुसऱ्या फुलाकडे वळू. तेच या भूमीचे खरे हिवाळी फूल. कुळवाडी आणि सरकारी कामगार या दोघांच्याही जिभेवर असलेला ‘रबी’ हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ वसंत, आणि ‘खरीप’ या शब्दाचा मूळ अर्थ शरद. कारण पिकांची नावे पेरणीवरून पडली नाहीत, काढणीवरून पडली. मोगल अंमलापासून पाहणीपत्रकात हेच रकाने चालत आले. त्यामुळे जे पीक कार्तिकात पेरले जाते, पौषाच्या कडाक्यात फुलते आणि फाल्गुनात कापले जाते, ते तलाठ्याच्या लेखी थंडीत उभे असूनही वसंतात जमा असते. युरोपातील कवींना व्हायोलेट हिवाळ्यात उमलून वसंताचा निरोप देते, एवढे म्हणण्यासाठी पुष्कळ कविता लिहाव्या लागल्या. आमच्याकडे ते काम कुळकर्ण्याच्या बोरूने एका शब्दात उरकले होते.

ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत, खरीप निघाल्यावर, हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या तासांत चार ओळी नाहीतर कडेने पट्टा, अशी अळशी पेरीत. हिरवे रोप गुरांना मानवत नसल्याने ती सहसा त्याला तोंड लावीत नाहीत, आणि म्हणून कडेचा पट्टा आतल्या पिकाची थोडीफार राखणही करतो. पाण्याची पाळी नाही, खताची गरज नाही; जे आहे ते दवावर आणि जमिनीच्या पोटातल्या ओलीवर. आल्बर्ट हॉवर्ड या शेतीशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात बिहारमधील पुसा येथे देशभरच्या अळशीचे वाण तपासले, तेव्हा त्याला असे दिसले की गंगाकाठच्या गाळाच्या जमिनीतील वाणांची मुळे उथळ पसरतात आणि काळ्या जमिनीतील वाणांची मुळे खोल उतरतात. एकाच पिकाने दोन मातींकडून दोन स्वभाव घेतले होते. पेरणीनंतर दोनेक महिन्यांनी, मार्गशीर्ष-पौषात, रोपाच्या शेंड्यांवर पाच पाकळ्यांची निळी, काही वाणांत जांभळट, काहींत पांढरी फुले येतात. उजाडताना फूल उघडते, उन्हे चढू लागली की पाकळ्या सुटतात आणि दुपार होईतो बहुतेक फुलांखाली निळा चुरा पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी नव्या कळ्या. सकाळी ज्या पट्ट्यात आकाश उतरल्याचा भास झाला, त्याच पट्ट्यावरून संध्याकाळी गेले तर केवळ हिरवे शेत दिसते.

हा रंग कोणी पाहिलाच नाही, असे म्हणणे संस्कृतवर अन्याय करणारे होईल. संस्कृतात या वनस्पतीला अतसी, उमा आणि क्षुमा अशी नावे आहेत. विष्णूच्या देहकांतीसाठी पुराणकारांना मेघ आणि नीलमणी यांच्या जोडीने अतसीचे फूल आठवले, आणि पीतांबर नेसलेल्या त्या निळ्या देवाला दिलेली ही उपमा मला इतर दोहोंहून अधिक सरस वाटते. कारण मेघ आणि मणी हे राजदरबारी कवीलाही सुचतील, परंतु अतसी सुचण्यासाठी पौषात पहाटे रानातून चालावे लागते. शिवाय हे फूल ज्या शेतात फुलते, त्याच शेताच्या कडेला मोहरी पिवळी झालेली असते. निळ्यावरचा तो पीतांबर कवीने कल्पनेने नेसवला की डोळ्यांनी पाहिला, हे कोणी सांगावे? बंगालमध्ये दुर्गेच्या ध्यानातही अतसीपुष्पाचा वर्ण येतो, पण तेथील मूर्ती पिवळी घडवतात, कारण त्या प्रांती तागाच्या कुळातील एका पिवळ्या फुलाला अतसी म्हणतात. वनस्पतीचे नाव एका वनस्पतीवरून दुसरीवर गेले आणि देवीचा वर्ण पालटला, याहून फुलाच्या सामर्थ्याचा मोठा पुरावा कोणता हवा?

‘उमा’ या नावाने तर मोठाच मोह घातला आहे. कालिदासाने पार्वतीच्या त्या नावाची व्युत्पत्ती, तपाला निघालेल्या मुलीला आईने ‘अगं, नको’ असे म्हटले त्यावरून दिली, आणि त्याच काव्यात पुढे ती हिवाळ्याच्या रात्री पाण्यात उभी राहून तप करते. हिवाळी पिकाचे नाव आणि हिवाळ्यात तप करणाऱ्या कन्येचे नाव एकच असावे, यावरून एखादा उत्साही संशोधक शेतदेवतेची आख्यायिका रचील. मला तसे धाडस होत नाही, परंतु योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाणिनीला देवीपेक्षा शेत अधिक दिसले. उमेचे, म्हणजे अळशीचे, शेत असेल तर त्याला ‘उम्य’ किंवा ‘औमीन’ म्हणावे, असा नियम त्याने तीळ आणि उडीद यांच्या शेतांबरोबर सांगून ठेवला. ज्या पिकाच्या शेताला व्याकरणात स्वतंत्र शब्द लागतो, ते पीक त्या काळी बांधापुरते नक्कीच नव्हते. कौटिल्याने कोठारप्रमुखासाठी हिशेब घालून दिला आहे : अळशीपासून तेल सहावा हिस्सा, कडुनिंब-कवठ इत्यादींपासून पाचवा, आणि तीळ, करडई, मोह व हिंगण यांच्यापासून चौथा. मोह आणि हिंगण ही दोन्ही झाडे सातपुड्याच्या पायथ्याची खास रहिवासी. तेव्हा हा हिशेब म्हसावदच्या शिवारात बसून मांडला असता तरी यादीतली बरीच नावे समोरच सापडली असती. अळशीच्या दाण्यात तेलाचा अंश तिसऱ्या हिश्शाहून अधिक असतो, हे आज ठाऊक आहे. म्हणजे कौटिल्याच्या काळच्या घाण्याने निम्म्याहून अधिक तेल पेंडीत सोडले, आणि ते बैलांच्या पोटी गेले, ही काही हानी नव्हे.

ग्रंथांच्या आधीचाही पुरावा आहे. म्हसावदच्या पाठीमागचा सातपुडा ओलांडून ईशान्येस गेले की नर्मदेच्या दक्षिण तीरावर, महेश्वरासमोर, नावडातोली हे स्थळ लागते. हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ नंतर तेथे उत्खनन केले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत गहू, मसूर इत्यादी धान्यांसह अळशीचे जळके दाणे मिळाले. पुणे जिल्ह्यातील चांडोलीस एका बालकाच्या गळ्यातील तांब्याचे मणी ज्या दोऱ्यात ओवले होते, तो दोरा याच वनस्पतीच्या धाग्याचा निघाला. म्हणजे तिच्या देठापासून वाक काढण्याची, अर्थात क्षौमाची, विद्या दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांना येत होती, आणि पुढे कापसाने ती इतकी पुसून टाकली की अळशीच्या झाडापासून कापड होते, हे सांगितले तर आजचा खानदेशी शेतकरी थट्टा समजेल. खुद्द शहादे तालुक्यात, तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे, बाळकृष्ण थापर यांनी १९५५ मध्ये केलेल्या उत्खननात त्याच ताम्रपाषाण युगाची वस्ती उघडी पडली. काळी माती आणि निळे फूल यांची ओळख या पट्ट्यात तेवढी जुनी मानावयास हरकत नाही.

मग असे असून या फुलाभोवती लोककथा का जमली नाही? देवाला वाहावे तर तोडताक्षणी पाकळ्या हातात येतात. हारात ओवावे तर देठ सुईला टिकत नाही. वेणीत माळावे तर दुपारी केसांत नुसती बोंडे राहायची. शेवंती आणि परदेशातून आलेला झेंडू यांनी देव्हारा जिंकला तो त्यांच्या चिवटपणाने. परंतु हे कारण अपुरे आहे, कारण व्हायोलेटही काही चिवट नव्हे. खरे कारण असे की, खानदेशातला हिवाळा हा मुळी मरणाचा ऋतू नाही. तो भरल्या शेताचा, हुरड्याचा, जत्रांचा ऋतू आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची जत्रा भरते आणि तिच्यात घोड्यांचा मोठा बाजार लागतो, तेव्हा आसपासच्या रानांत अळशी फुलू लागलेली असते. ज्याच्या डोळ्यांपुढे हरभरा, गहू, करडई आणि मोहरी एकदम उभी आहे, त्याला दिलासा देण्यासाठी एका फुलाने पानांआडून डोकावण्याची गरजच नाही. आमची विरहाची आणि आशेची प्रतीके उन्हाळ्यातून निघाली : निष्पर्ण सातपुड्यावर पेटणारा पळस, रात्रीतून टपटपणारा मोह, आणि आकाशात न दिसणारा ढग. जेथे ऋतू माणसाला उपाशी ठेवतो, तेथे फुलाला अर्थ येतो. जेथे पोट भरतो, तेथे फुलाला वजन येते. अळशीला वजन आले.

ते वजन घरात नानापरीने मोजले गेले. भाजलेल्या अळशीची लसूण-तिखट घालून कुटलेली चटणी भाकरीवर पडली, पेंड गुरांच्या गव्हाणीत गेली, आणि पडसे छातीत उतरले की अळशी वाटून, पाण्यात शिजवून, फडक्यात बांधलेले पोटीस छातीवर आले. ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांच्या नाकात त्या ऊन, चिकट पोटिसाचा वास अजून असेल. बनफशा आणि अळशी यांची गाठ पडते ती नेमकी येथे : शहरातला रोगी फुलाचा काढा पोटात घेई आणि खेड्यातला रोगी फुलाचे बी छातीवर बांधी, एकाचे औषध थंड, दुसऱ्याचे ऊन, आणि दोघांचाही खोकला बहुधा आपल्याच वेळेस थांबत असावा. ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथाच्या कर्त्याने अळशीला दृष्टीस अपायकारक म्हटले होते, आणि आज तिचाच दाणा पुडक्यांत भरून हृदयाच्या आरोग्यासाठी दामदुप्पट किमतीने विकला जातो. दाणा तोच आहे.

एकोणिसाव्या शतकात हे बी समुद्रापार गेले. युरोपला रंगासाठी, रोगणासाठी अळशीचे तेल हवे होते. त्याचा मोठा पुरवठा रशियाकडून होई, पण १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धाने तो विस्कटला आणि हिंदुस्थानी अळशीची मागणी वाढली. पुढे फ्रेडरिक वॉल्टनने इंग्लंडात अळशीच्या तेलापासून लिनोलियम नावाचे जमिनीवर अंथरावयाचे आच्छादन काढले, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, आणि मुंबईची टपोऱ्या दाण्याची अळशी लंडनच्या बाजारात स्वतंत्र नावाने ओळखली जाऊ लागली. सुरत-भुसावळ हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० मध्ये पुरा झाला. तो तापीच्या दक्षिणेने गेल्यामुळे शहादे-म्हसावदकडील मालाला गाड्या जुंपून, नदी उतरून, नंदुरबार-दोंडाईच्याच्या स्टेशनापर्यंत जावे लागे. ज्या लंडनमध्ये हिवाळ्याच्या अखेरीस गरीब मुली रस्त्यावर उभ्या राहून व्हायोलेटच्या जुड्या विकीत, तेथल्या घरांच्या दारांवरील रंगात आणि पायाखालच्या आच्छादनात आमच्या निळ्या फुलाचे तेल होते. चित्रकाराच्या रंगपाटीवर तेच होते, आणि क्रिकेटच्या बॅटीला तेल पाजणाऱ्या आमच्या पोरांनीही पुढे तेच वापरले.

वासाचा व्यापारही या डोंगराला अपरिचित नव्हता. पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे आणि अक्राणी या भागांत रोशा गवत कापून, ओढ्याकाठी भट्ट्या लावून, त्याचे तेल गाळीत. ते मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांत आणि तेथून इस्तंबूलला जाई, आणि बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळले जाई. व्हायोलेटच्या वासाचेही हेच झाले. १८९३ मध्ये टीमन आणि क्रूगर या जर्मन रसायनज्ञांनी आयोनोन नावाचा पदार्थ तयार केला, ज्याला हुबेहूब त्या फुलाचा वास येतो. आणि त्याचा कच्चा माल म्हणजे गवती चहाच्या जातीच्या गवताचे तेल, जे मलबारकडून जात असे. त्यानंतर युरोपातील शेकडो रुमालांना आणि साबणांना जो विनयाचा आणि वसंताचा सुगंध आला, त्यातला बराचसा हिंदुस्थानी गवताचा होता.

अळशीचा ऱ्हास गाजावाजा न होता झाला. घरच्या तेलाची जागा आधी भुईमुगाने आणि मग डब्याने घेतली. रंगाच्या कारखान्यांना खनिज तेलापासून निघालेली द्रव्ये स्वस्त पडली. तांबेरा आणि कळीतच पिलावळ वाढवणारी गादमाशी यांनी उरलेसुरले नुकसान केले. तापी-गोमाईच्या पाण्यावर आणि विहिरींवर बागायत आली, सहकारी साखर कारखाना आला, उसाच्या आणि केळीच्या मागोमाग पपई आली आणि शहादे तालुक्याचे नाव पपईसाठी दूरवर गेले. पाण्यावाचून येणाऱ्या पिकाला पाणी आलेल्या शेतात कोण ठेवील? शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देणे हा शहरात बसून करण्याचा उद्योग आहे. महाराष्ट्रात आता जवस पाहायची तर नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडे, भातकापणीनंतरच्या ओलीवर पेरलेली पाहावी.

तरीही पौषात कोणी तोरणमाळास निघालाच, तर त्याने शहादे सोडताना उशीर करू नये. म्हसावदच्या आगेमागे कोणाच्या हरभऱ्यात अजून चार तासे अळशीची असतील, तर ती सकाळी दहापर्यंतच निळी दिसतात. बारानंतर तेथून गेलेल्याला ते शेत नुसते हिरवे दिसेल.